डिजिटल दप्तर: ठेवायचे किती, काढायचे काय?

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या विभागांच्या फायलींची राख झाली. माणसेही दगावली. त्यानंतर राज्यात ‘ई-ऑफिस’ला खरा जोर आला. कागद जळतो, तेव्हा कागदच नको, असा तो हिशेब होता. तेरा वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्रातल्या बॅटऱ्यांनी पेट घेतला. तिथे कागद नव्हताच. सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फायली ज्या ‘जी-ड्राइव्ह’वर ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा त्या आगीत गेला आणि त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. साठा इतका मोठा होता की त्याचा बॅकअप घेणे जमले नाही, असे कारण देण्यात आले.

आगीची बातमी तरी होते. रोजच्या कारभारात कोणाच्या लक्षातही न येता जे दस्तऐवज नाहीसे होतात आणि जे विनाकारण साचत राहतात, त्यांची होत नाही. सरकारी कार्यालयात संगणकावर तयार झालेली कोणती नोंद किती वर्षे ठेवायची, ती कोणाच्या ताब्यात असावी आणि कोणाच्या सहीने नष्ट व्हावी, यावर जगभरच्या अभिलेखागारांत गेली तीस-पस्तीस वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे तो आता कुठे सुरू होतो आहे. या वादात आजवर काय काय मांडले गेले आणि काय सुटायचे राहिले आहे, ते इथे पाहू.

कागदाची रीत

मुंबईचे रेकॉर्ड ऑफिस १८२१ सालचे. आजचे राज्य पुराभिलेखागार हा त्याचाच वारसा, मुक्काम एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत. पुण्याला पेशवे दप्तर आहे. तिथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. कोट्यवधी कागदांपुढे ४५ खंड म्हणजे मूठभरच. पण त्या निवडीमुळे उरलेले कागद गेले नाहीत. ज्याला शंका आली, त्याला पुन्हा रुमाल सोडून बसता आले. छापण्यासाठी केलेली निवड आणि जतन करण्यासाठी केलेली निवड यांत हा मोठा फरक आहे, आणि पुढचा सगळा वाद दुसऱ्या प्रकारच्या निवडीचा आहे.

महसुली कचेऱ्यांनी या निवडीची एक साधी रीत बसवली होती. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ वर्षभर. टेबलावरच्या कारकुनाकडे सहा गठ्ठे. पहिला प्रलंबित प्रकरणांचा, शेवटचे दोन रेकॉर्ड रूमला पाठवायच्या आणि नष्ट करायच्या कागदांचे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बैठक आणि दप्तराची मांडणी यांना जी शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. अभिलेखपाल ज्याला निंदणीकरण म्हणतात, ते म्हणजे मुदत संपलेले कागद यादी करून, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन काढून टाकणे. कागदोपत्री ही नेहमीची प्रक्रिया आहे. प्रत्यक्षात ती तपासणीच्या आधी किंवा स्वच्छतेच्या मोहिमेत होते, आणि मोहिमेत वजन मोजले जाते, मोल नाही.

कायद्याची चौकट उशिरा आली. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा, आणि राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा. केंद्राच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा, पंचवीस वर्षांहून जुन्या अभिलेखांचे मोल राष्ट्रीय अभिलेखागाराशी सल्लामसलत करून ठरवायचे, आणि विहित पद्धतीखेरीज काहीही नष्ट करायचे नाही. १८९२ पूर्वीचा कागद पार जीर्ण होऊन गेल्याखेरीज नष्टच करता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहिती अधिकाराच्या अर्जावर ‘फाईल सापडत नाही’ असे उत्तर आले की अपिलात कार्यकर्ते याच तरतुदीवर बोट ठेवतात.

कायदा कुठे कमी पडला, हे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितले. केंद्राची १५१ मंत्रालये आणि विभाग, पण अभिलेखागाराकडे अवघ्या ६४ यंत्रणांचे अभिलेख, आणि त्यांत मंत्रालये व विभाग ३६. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे आणि हरितक्रांतीचे अभिलेख आपल्याकडे नाहीत, असेही ते म्हणाले. खात्यांनी ते पाठवलेच नव्हते.

संगणकात काय बदलते

संगणकावर तयार झालेली सामग्री १९९३ च्या कायद्याने ‘सार्वजनिक अभिलेख’ या व्याख्येतच घेतली आहे. त्या काळी बहुतेक कचेऱ्यांत टंकलेखन यंत्रे खडखडत होती, हे लक्षात घेता ही दूरदृष्टीच म्हणायची. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७ आणखी पुढे जाते. इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही वाचता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मुळाशी तंतोतंत जुळेल अशा स्वरूपात राहिली पाहिजे, आणि ती कुठून आली, कुठे गेली, कधी, हेही तिच्याबरोबर टिकले पाहिजे.

कागदाबाबत दिरंगाई खपून जाते. तळघरात वीस वर्षे पडलेला गठ्ठा वाळवी लागली नसेल तर एकविसाव्या वर्षी वाचता येतो. संगणकातल्या फायलीला ही सवलत नाही, आणि मराठीपुरते याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९९० ते २०१० च्या दरम्यान श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकलेली पत्रके, इतिवृत्ते आणि याद्या आज युनिकोडच्या संगणकावर उघडून पाहा. तो फॉन्ट बसवलेला नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. फाईल शाबूत आहे, एक बाइटही हललेला नाही, पण वाचता येत नाही. रूपांतराचे प्रोग्राम आहेत. मात्र कोणत्या फायलीत कोणता फॉन्ट होता हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि आडनावातला एक रफार हललेला सरकारी नोंदीत चालत नाही.

दुसरी गोष्ट सहीची. आजचे शासन निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होतात, सातबाराही तसाच मिळतो. सातबाऱ्याची पीडीएफ घरच्या संगणकावर उघडली की सहीवर बहुधा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. त्या संगणकाला सहीदाराच्या प्रमाणपत्राची साखळी ठाऊक नसते, म्हणून. आज ती ओळख करून देता येते. पण सहीचे प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपते, आणि सही केली त्या क्षणी ते वैध होते याचा पुरावा फायलीतच साठवलेला नसेल तर तीस वर्षांनी प्रश्नचिन्ह काढणार कोण? शिवकाळापासूनच्या कागदांत दोन बंद जिथे चिकटवले, त्या जोडावर पाठीमागून शिक्का किंवा खूण असे. मधला बंद बदलला तर लगेच कळावे, म्हणून. आजचे हॅश मूल्य, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून काढलेला आणि मजकूर बदलला की बदलणारा आकडा, तेच काम करते. गंमत अशी की स्कॅनिंगच्या घाईत नेमकी कागदाची पाठ राहून जाते.

आणि तिसरी अडचण अशी की पुष्कळ सरकारी कामात आता ‘कागद’ म्हणावा असा काही उरतच नाही. ई-फेरफार या संगणकीय प्रणालीत सातबारा ही एका डेटाबेसमधली आजची स्थिती आहे. काल ती काय होती हे प्रणालीने जपले तरच कळेल. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना नावे, क्षेत्रे, आणेवारी यांत चुका राहिल्या. मग चावडी वाचन झाले, ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’च्या फेऱ्या झाल्या, आणि लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज होत राहिले. त्या प्रत्येक दुरुस्तीत आधार मानला गेला तो जुना हस्तलिखित उतारा. संगणकीकरण पूर्ण झाले म्हणून ती पुस्तके कोणी काढून टाकली असती, तर चूक आणि बरोबर यांत फरक करायला काहीच उरले नसते.

सगळे ठेवा, की निवडून ठेवा?

अभिलेखशास्त्रातला हा जुना वाद आहे. इंग्रज अभिलेखतज्ज्ञ हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले की काय नष्ट करायचे ते कार्यालयाने ठरवावे. अभिलेखपालाने त्यात हात घातला की त्याचा निःपक्षपणा गेला. दुसऱ्या महायुद्धात कागदांचे डोंगर झाले, तेव्हा अमेरिकेचे टी. आर. शेलेनबर्ग १९५६ मध्ये म्हणाले की निवड अटळ आहे आणि अभिलेखपालानेच ती केली पाहिजे, कारण कार्यालयाला फक्त स्वतःची गरज दिसते, पुढच्या संशोधकाची दिसत नाही.

डिजिटल काळात तिसरा आवाज निघाला: निवडायचेच कशाला? साठवण स्वस्त, शोधयंत्रे तयार, सगळे ठेवा. या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावा अलीकडे महाराष्ट्रातच मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरापत्रके, जन्म-मृत्यूचा गाव नमुना नंबर १४ म्हणजेच कोतवाल बुक, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे, तुरुंग आणि उत्पादन शुल्क खात्यांची दप्तरे, असे सगळे उपसले गेले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. मराठा आरक्षणाच्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही. पण गावच्या कोतवालाने केलेली जन्माची नोंद शंभर वर्षांनी कोणाच्या हक्काचा आधार होईल, हे ती ठेवणाऱ्याला कळणे शक्य नव्हते, एवढे खरे.

निवडीच्या बाजूचे लोक उत्तर देतात की खर्च डिस्कचा नसतो, देखभालीचा असतो. दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवणे, नव्या स्वरूपात आणणे, हॅश तपासणे, वर्णन लिहिणे, दोन ठिकाणी प्रती ठेवणे, ही कामे कधी संपत नाहीत. वीस जणांना गेलेल्या एका जोडपत्राच्या वीस प्रती आणि ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित २’ अशा मसुद्यांच्या रांगा जपून खरा निर्णय सापडायचा कसा? देजॉनचा साठा बॅकअपला न पेलण्याइतका फुगला होता, हे याच मताच्या पथ्यावर पडणारे आहे.

मध्यम मार्ग काढायचे प्रयत्नही झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘कॅपस्टोन’ पद्धत आणली. प्रत्येक ईमेल तपासण्याऐवजी वरिष्ठ पदांवरच्या अधिकाऱ्यांचे टपाल सरसकट कायम ठेवायचे, इतरांचे ठरावीक वर्षांनी काढायचे. सोपी आहे, म्हणून ती चालली. पण तिच्यात साहेबांचे राहते आणि तालुक्याच्या कारकुनाचे जाते. वर सांगितलेली कोतवाल बुके अशा चाळणीतून खाली पडली असती.

कागद स्कॅन झाला की टाकून द्यावा का, हा याच वादाचा दुसरा भाग. अमेरिकेच्या अभिलेखागाराने ३० जून २०२४ नंतर कागदी अभिलेख स्वीकारणे जवळपास थांबवले. उलट्या दिशेचा धडाही अमेरिकेतलाच आहे. १९८९ मध्ये व्हाइट हाउसच्या ईमेलच्या टेप पुसल्या जाणार होत्या. महत्त्वाचे ते छापून ठेवले आहे, असे सरकारचे म्हणणे होते. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की छापील प्रतीत पाठवणारा, घेणारा, वेळ ही सगळी माहिती येत नाही, म्हणून ती मुळाची जागा घेऊ शकत नाही. कागदावरून संगणकात आणि संगणकातून कागदावर, दोन्ही प्रवासांत काहीतरी गळते.

विसरण्याचा हक्क आणि पुरावा

व्यक्तिगत माहितीच्या कायद्यांनी वादात नवी बाजू आणली. काम संपले की माहिती पुसा, हे त्यांचे मूळ तत्त्व. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात ते आहे. मात्र संशोधन आणि अभिलेख-जतनासाठी त्यात सूट आहे, आणि शासनसंस्थेला तर पुसण्याच्या बंधनातूनच वगळले आहे. अभिलेखपालांना यात दिलासा दिसतो. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना यात सरकारने नागरिकांची माहिती हवी तितकी वर्षे बाळगण्याचा परवाना दिसतो. दोघांचेही वाचन कायद्याला धरूनच आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ब्रिटनचे. कॅरिबियन बेटांतून दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या लोकांची उतरण्याची कार्डे तिथल्या गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. व्यक्तिगत माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, हे त्याचे समर्थन. २०१८ मध्ये ‘विंडरश’ प्रकरण उघडकीला आले. आयुष्य ब्रिटनमध्ये काढलेल्या त्या पिढीतल्या लोकांना तिथे राहण्याचा हक्क सिद्ध करायला सांगितले जात होते, आणि ज्याने सिद्ध करता आला असता तो कागद सरकारनेच टाकला होता. नागरिकाच्या भल्यासाठी पुसलेली नोंद त्याच्याच गळ्याशी आली.

आपल्याकडे हा वाद सध्या निवडणुकीच्या चित्रीकरणावर पेटला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक सामग्री जनतेला खुली राहणार नाही असे करण्यात आले. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ठरवले की निवडणूक याचिका नसेल तर चित्रीकरण निकालानंतर ४५ दिवसांनी नष्ट करावे. पूर्वी ते टप्प्यानुसार तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत ठेवले जाई. आयोगाचे म्हणणे, याचिकेची मुदतच ४५ दिवसांची आहे, मतदाराची गोपनीयता महत्त्वाची आहे आणि चित्रफितींचा गैरवापर होतो. विरोधी पक्षांचे म्हणणे, याचिका करण्यासाठी लागणारा पुरावाच मुदतीत पाहायला मिळणार नसेल तर मुदतीला अर्थ काय? माझ्या मते दोन्ही बाजूंनी एक मुद्दा पुरेसा हाताळलेला नाही. पाहण्याचा हक्क आणि ठेवण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी नोंद वीस वर्षे बंद ठेवून नंतर खुली करणे ही अभिलेखागारांची नित्याची पद्धत आहे.

अशा नोंदीला न्यायालयात काय किंमत, हे जालन्याच्या खटल्याने दाखवले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर घेतला गेला, असा प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. चित्रीकरण सरकारी, पण ते खरे असल्याचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारकच ठरवले. मात्र ज्याने सगळे प्रयत्न केले त्याला ते नसल्याचा फटका बसू नये, असेही म्हटले आणि निवडणूक रद्द करण्याचा औरंगाबाद खंडपीठाचा निर्णय कायम केला. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही लिहावे लागते. दहा वर्षांपूर्वीच्या फायलीचे हॅश त्या वेळी नोंदवले नसेल, तर आज काढलेले हॅश एवढेच सांगते की आजपासून ती बदललेली नाही.

तयारी कुठवर?

तंत्राच्या बाजूने भारत मागे नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डिजिटल जतनाचे केंद्र आहे. तिथे ‘डिजिटालय’ ही प्रणाली तयार झाली, आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाबरोबर कोणती माहिती जपायची याचे ई-गव्हर्नन्स मानक २०१३ मध्ये आले. याच प्रयत्नांतून दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्-श्राव्य अभिलेखागाराला २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ते प्रमाणपत्र मिळवणारे जगातले ते पहिले. भूमी अभिलेखांची जुनी पाने स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर दिसतात. परंतु यातले बरेचसे काम जुना कागद संगणकात आणण्याचे आहे. संगणकातच जन्मलेल्या फायली, ई-ऑफिसमधल्या टिपण्या, ईमेल, डेटाबेस यांची निवड आणि निरवानिरव यांत तेवढी प्रगती दिसत नाही.

न सुटलेले

ताब्याचा प्रश्न खुला आहे. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात डिजिटल अभिलेख खात्यांकडेच राहू द्यावेत, अभिलेखागाराने फक्त नियम घालावेत, असे धोरण घेतले आणि काही वर्षांत ते सोडले. ज्या देशात खाती कागदही पाठवत नाहीत, तिथे डेटाबेस पाठवतील का, ही शंका रास्त आहे. पण केंद्रीय भांडाराकडे तेवढे सर्व्हर आणि माणसे नसतील तर ताबा घेऊन करायचे काय, हेही तितकेच रास्त.

व्हॉट्सअॅपवर होणाऱ्या निर्णयांचे काय करायचे, हे कोणत्याच देशाला नीट जमलेले नाही. ब्रिटनच्या कोविड चौकशीत मंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे संदेश मिळवताना काय ओढाताण झाली, ते जगाने पाहिले. आपल्याकडे जिल्हा प्रशासनाच्या सूचना गटांवर जातात आणि ते गट कोणाच्या तरी खाजगी फोनवर असतात. फोन बदलला की दप्तर गेले.

नष्ट करण्याच्या नोंदीचाही विचार व्हायला हवा. कागद जाळला तर साक्षीदार असतात, रद्दीला दिला तर पावती असते. सर्व्हरवरची फाईल पुसली तर बॅकअपमध्ये ती राहते की जाते, आणि प्रणाली बदलताना ठेकेदाराने जुना साठा सोडून दिला तर त्याला ‘नष्ट करणे’ म्हणायचे की नाही, याची उत्तरे निविदेच्या अटींत असायला हवीत. बहुतेक निविदा नव्या प्रणालीने काय करावे ते सविस्तर सांगतात आणि जुनीतले काय आणावे ते एका ओळीत उरकतात. या सगळ्या वादात मला ही ओळ सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती लिहिणाऱ्याला आपण अभिलेखांची विल्हेवाट लावतो आहोत याची कल्पनाही नसते. ठेवण्या-काढण्याचा निर्णय फाईल उघडतानाच तिच्यावर नोंदवावा, हे अभिलेखतज्ज्ञांचे म्हणणे म्हणूनच पटते. कागदासाठी तो पंचवीस वर्षांनी घेता येत होता. २०१२-१३ च्या सुमारास राज्यात उघडलेल्या ई-फायलींना पंचवीस वर्षे २०३७-३८ मध्ये होतील, आणि तोवर त्या एकाच प्रणालीत राहतील असे कोणी मानत नाही.

वाचकाला यात करता येण्याजोगे एक काम आहे. आपल्या नगरपालिकेकडे किंवा तहसील कार्यालयाकडे माहिती अधिकारात अभिलेख वर्गीकरणाची यादी, नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही आणि डिजिटल अभिलेखांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम मागावे. कायद्याने उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.